बागेतल्या झाडांचे आयुष्य किती धरावे?

बागसमिती_कोथरूड

नमस्कार मंडळी.

आमच्या सोसायटीच्या आवारात लहानशी बाग आहे आणि यंदाच्या सर्वसाधारण सभेत तिच्या खर्चावरून बराच वाद झाला. काही सभासदांचे म्हणणे असे, की दर वर्षी रोपांसाठी पैसे मोजावे लागतात त्या अर्थी झाडांची नीट निगा राखली जात नाही. माळीकाकांचे म्हणणे असे, की जी झाडे गेली त्यांतली बरीचशी आपापले आयुष्य संपवून गेली आणि त्यात कोणाचा दोष नाही. वाद मिटेना, कारण कोणते झाड किती वर्षे जगायला हवे हेच आमच्यापैकी कोणाला धड ठाऊक नव्हते.

समितीने माझ्यावर असे काम सोपवले आहे, की झाडांची यादी करून प्रत्येकापुढे अपेक्षित आयुष्य लिहावे. म्हणजे पुढच्या अंदाजपत्रकात दर वर्षी बदलायची, चार-पाच वर्षांनी बदलायची आणि मुळीच हात न लावायची झाडे वेगळी काढता येतील. आवारात सध्या झेंडू आणि शेवंतीचे वाफे, तुळशीवृंदावन, मोगरा, गुलाब, जास्वंद, केळीचे एक बेट, पपई, शेवगा, दोन माड, एक सोनचाफा आणि फाटकाजवळ मोठा गुलमोहर आहे. शिवाय जिन्यापाशी आणि गच्चीवर कुंड्या आहेत. रोपवाटिकेत चौकशी केली तर दर ठिकाणी वेगळा आकडा मिळतो, आणि काही रोपांच्या चिठ्ठीवर ‘बहुवर्षायू’ असे छापलेले असूनही ती पहिल्याच पावसाळ्यात कुजतात. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त_शिक्षक_सांगली

आकडे देता येतील, पण त्याआधी प्रत्येक झाडाबद्दल एक गोष्ट विचारायला हवी. ते आयुष्यात एकदाच फुलते, की पुन्हा पुन्हा फुलते? तुमच्या सभेतला निम्मा वाद या एका प्रश्नाने निकालात निघेल असे मला वाटते.

एकदाच फुलणाऱ्या वनस्पतींचे मरण त्यांच्या फुलण्यालाच जोडलेले असते. झेंडू, तेरडा, झिनिया, कॉसमॉस ही मंडळी बी धरू लागली, की पानांतले अन्न बियांकडे वळते, पाने खालून पिवळी पडू लागतात आणि लावणीपासून साधारण चार-पाच महिन्यांत सगळा खेळ आटोपतो. कोमेजलेली फुले वेळेवर खुडली तर बी धरत नाही आणि बहर काही आठवडे लांबतो, पण त्याने झेंडू दोन वर्षांचा होत नाही. तेव्हा झेंडूचा वाफा दर हंगामाला नव्याने करावा लागणे हा माळीकाकांचा दोष नव्हे.

कांदा, गाजर, कोबी यांना हेच करायला दोन हंगाम लागतात. पहिल्या हंगामात अन्न साठवायचे, मधली थंडी सोसायची आणि दुसऱ्या हंगामात फुलोरा काढून संपायचे. शेतकरी ज्याला कांद्याला डेंगळे येणे म्हणतात, तो हाच दुसरा हंगाम हवामानामुळे वेळेआधी ओढवल्याचा प्रकार आहे.

केळीची गोष्ट सर्वांत फसवी. आपण जिला खोड म्हणतो ती पानांच्या देठांची एकावर एक बसलेली वेटोळी असतात; खरे खोड म्हणजे जमिनीतला कंद. एका खोडाला एकच घड येतो आणि तो उतरवल्यावर ते खोड संपतेच. त्याच्या बुंध्याशी आलेल्या पिल्लांपैकी एक जोमदार राखले तर त्यावर खोडवा, म्हणजे दुसरे पीक, घेता येतो आणि पुढे निडवा, म्हणजे तिसरेही. म्हणून तुमच्या यादीत खोडाचे आयुष्य दीड वर्षाच्या आसपास आणि बेटाचे आयुष्य त्याहून कितीतरी जास्त अशा दोन नोंदी हव्यात. घड उतरवून कापलेल्या खोडाची ‘मेलेले झाड’ अशी नोंद कोणी करत असेल तर ती आधी थांबवावी.

काही वनस्पती अनेक वर्षे नुसत्या वाढतात, मग एकदाच फुलून मरतात. घायपात हे कुंपणावरचे परिचित उदाहरण. दहा-पंधरा किंवा त्याहूनही अधिक वर्षांनी तिच्या मधून उंच दांडा निघतो आणि त्यानंतर ती वाळते. सह्याद्रीतली कारवी साधारण आठ वर्षांनी फुलते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती 2008 आणि 2016 मध्ये सामूहिकपणे फुलली होती. बांबूच्या काही जातींचे चक्र याहूनही लांब असते. मिझोरमच्या डोंगरांत पसरलेला बांबू सुमारे 48 वर्षांनी एकदम फुलतो, बियांवर उंदरांची बेसुमार वीण होते आणि मग ते शेतांवर तुटून पडतात. 1959 च्या सुमारास तिथे पडलेल्या दुष्काळामागे हेच कारण होते आणि 2006-07 मध्ये तो बांबू पुन्हा फुलला. तुमच्या समितीला बांबू लावायचा असेल तर कंद ज्या बेटातून आणाल त्या बेटाचा वंश पूर्वी कधी फुलला होता याची चौकशी अवश्य करा. नवीन लावलेला बांबू सहसा आपल्या मूळ बेटाच्याच घड्याळाप्रमाणे चालतो, त्यामुळे काल आणलेला कंदही वयाने म्हातारा असू शकतो.

पुन्हा पुन्हा फुलणाऱ्या झाडांना अशी ठरलेली तारीख नसते. जास्वंद, मोगरा, चाफा, आंबा यांच्या शेंड्यांवर आणि डोळ्यांत नवी वाढ करणाऱ्या पेशी सतत ताज्या राहतात. अशी झाडे बहुधा बुरशी, वाळवी, खोडकिडा, वारा, साचलेले पाणी किंवा कुऱ्हाड यांपैकी कशाने तरी जातात. ‘आयुष्य संपले’ हा निकाल त्यांच्या बाबतीत फार जपून द्यावा.

न्यूजर्सीची_ओसरी

सरांनी मूळ सूत्र उत्तम सांगितले आहे. मला चिठ्ठीवरच्या ‘बहुवर्षायू’ आणि ‘हंगामी’ या शब्दांबद्दल थोडे सांगावेसे वाटते, कारण मी पुण्यातली आणि इथली न्यूजर्सीतली, अशी दोन्हीकडची बाग पाहिली आहे.

बियांच्या पाकिटांवरची आणि रोपांच्या चिठ्ठ्यांवरची बरीचशी माहिती मुळात थंड देशांसाठी लिहिलेली असते. इथे शरद ऋतूत पहिले हिम पडले, की सदाफुली, मिरची, वांगे, कोलियस, घाणेरी ही सारी झाडे एका रात्रीत काळी पडतात, म्हणून दुकानात ती हंगामी म्हणूनच विकली जातात. स्वभावाने यांतले एकही झाड हंगामी नाही. पुण्यात सदाफुली दोन-तीन वर्षे सहज टिकते आणि आपले बी स्वतःच पाडून पुढची सोय करून ठेवते. मिरचीचे रोप मी थंडीत कुंडीसकट घरात घेते आणि उन्हाळ्यात पुन्हा बाहेर ठेवते. त्याला दुसऱ्या वर्षी पहिल्यापेक्षा लवकर मिरच्या लागतात.

तुळस आणि मोगरा यांच्यासाठी तर इथल्या मराठी घरांत दर वर्षी खिडक्यांची वाटणी होते. मोगऱ्याची कुंडी ऑक्टोबरपासून मेपर्यंत आत असते आणि तुळस बहुतेक जण वसंतात बियांपासून नव्याने करतात, कारण घरातल्या कोरड्या हवेत आणि अपुऱ्या उन्हात जुनी तुळस तग धरतेच असे नाही.

याची उलट बाजूही लक्षात घ्यायला हवी. ट्युलिपच्या कंदाला फुलण्यासाठी काही आठवड्यांची कडक थंडी लागते, ती इथे आपोआप मिळते. भारतात शीतगृहातून आणलेला कंद एकदा फुलतो आणि पुढच्या वर्षी नुसती पाने देतो किंवा तेही देत नाही. पिओनीचे झुडूप इथे पन्नास वर्षांहून अधिक काळ एकाच जागी फुलते. घर विकले जाते, मालक बदलतात, झुडूप तिथेच असते. लॅव्हेंडर हे कोरड्या उन्हाळ्याच्या आणि निचऱ्याच्या जमिनीचे झाड आहे. त्यावर ‘बहुवर्षायू’ लिहिले ते खोटे नसते, पण ते लिहिताना कोथरूडचा जुलै कोणी डोळ्यांसमोर ठेवलेला नसतो.

बागसमिती_कोथरूड

सर आणि ताई, मनःपूर्वक आभार. केळीच्या बाबतीत आमच्या नोंदवहीत अगदी सर म्हणतात तसेच लिहिले गेले आहे, ते दुरुस्त करतो.

आता सर्वांत जास्त खर्च होतो त्या गुलाब, मोगरा, जास्वंद आणि शेवंती यांच्याबद्दल कोणी सांगू शकेल का? एका सभासदांनी फुलशेतीच्या पुस्तिकेतून आकडे काढून दिले आहेत. त्यांत गुलाबापुढे पाच वर्षे लिहिले आहे, पण याच आवारात त्याहून जुनी गुलाबाची झाडे आहेत.

निफाडची_द्राक्षवेल

पुस्तिकेतला आकडा चूक नाही, पण तो वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे. आम्हा शेतकऱ्यांच्या हिशोबात झाडाचे आयुष्य म्हणजे ते फायद्यात असेपर्यंतची वर्षे. पॉलिहाऊसमधला गुलाब पाच-सहा वर्षांनी काढतात, कारण दांड्यांची लांबी आणि संख्या घटते आणि बाजारात दर मिळत नाही. निशिगंध तीनेक वर्षांनी उकरतात, जर्बेरा दोन-तीन वर्षांनी. आमच्या भागात द्राक्षबाग बारा-पंधरा वर्षांची झाली, की तिला जुनी म्हणतात आणि नव्या लावणीचा विचार सुरू होतो. वेल तेव्हा मरणाच्या दारात असते असे मुळीच नाही. इंग्लंडमधल्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यातली द्राक्षवेल 1768 मध्ये लावलेली आहे आणि तिला अजून द्राक्षे येतात. तिला निर्यातीचा दर्जा राखायचा नसतो, हा फरक.

अंगणातल्या गुलाबाचे आयुष्य त्याचे खुंट आणि छाटणी यांवर ठरते. विकत मिळणारा बहुतेक गुलाब डोळा भरलेला असतो, म्हणजे मुळे एका जातीची आणि वरचा फुलणारा भाग दुसऱ्या जातीचा. डोळ्याच्या खालून, खुंटावरून जे फुटवे येतात ते वेळच्या वेळी बुडापासून काढले नाहीत तर ते सगळे अन्न खेचून घेतात आणि दोन-तीन वर्षांत वरची जात मरते. मग लोक म्हणतात, की आमचा गुलाब जंगली झाला, फुलेच बदलली. झाड तेच, पण तुम्ही पैसे देऊन आणलेला अर्धा भाग गेलेला असतो. फुटवे काढले, पावसाळा संपल्यावर छाटणी केली आणि छाटलेल्या टोकांना बुरशीनाशकाची पेस्ट लावली तर अंगणातला गुलाब दहा-पंधरा वर्षे चांगला राहतो. जर्मनीत हिल्डेसहाइमच्या कॅथेड्रलच्या भिंतीवर चढलेला जंगली गुलाब कित्येक शतकांचा मानला जातो. 1945 च्या बॉम्बहल्ल्यात तो जळाला होता आणि मुळांतून पुन्हा फुटला. तो स्वतःच्या मुळांवर असल्यामुळे पुन्हा आलेला गुलाब तोच होता. डोळा भरलेला असता तर खालचा खुंट फुटला असता.

मोगरा जमिनीत दहा-पंधरा वर्षे निर्धास्त धरा. डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडून छाटणी करायची, मग खत-पाणी द्यायचे. ज्यांच्याकडे हे होत नाही त्यांचा मोगरा जगतो, पण फुलत नाही. शेवंतीचे मुख्य रोप बहर संपल्यावर वाळते आणि बुडातून काश्या, म्हणजे मुळे असलेले नवे फुटवे, येतात. त्या सोडवून नवीन जागी लावल्या तर एकदा विकत घेतलेली शेवंती वर्षानुवर्षे चालते. तुमची सोसायटी दर वर्षी शेवंतीची रोपे विकत घेत असेल तर तो खर्च मात्र टाळता येण्यासारखा आहे, आणि हे माळीकाकांनाही सांगायला हरकत नाही.

जास्वंदीत जातीजातींत मोठे अंतर आहे. साधी लाल गावठी जास्वंद वीस वर्षांची झाली तरी कुंपण धरून उभी असते. मोठ्या रंगीबेरंगी फुलांच्या संकरित जाती मला तरी चार-पाच वर्षांपलीकडे फारशा दिसलेल्या नाहीत. त्यांची मुळे नाजूक असतात, पाणी साचलेले चालत नाही आणि पिठ्या ढेकूण ही कीड आधी त्यांनाच गाठते.

गच्चीबाग_ठाणे

कुंड्यांबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. वर दिलेले आकडे जमिनीतले आहेत. कुंडीत ते सरसकट निम्म्यावर येतात असा माझा अनुभव आहे.

कारण उघड आहे. मुळे भिंतीला टेकून गोल फिरू लागतात, मातीतला सेंद्रिय भाग कुजून माती बसते, खतांचे आणि बोअरच्या पाण्याचे क्षार साठत जातात आणि एप्रिल-मेमध्ये काळ्या प्लास्टिकच्या कुंडीतली माती इतकी तापते, की कडेची मुळे भाजून निघतात. यांपैकी कुठलेही कारण झाडाच्या वयाचे नाही. दर दोन वर्षांनी झाड काढून, कडेची मुळे छाटून, नव्या मातीत बसवले तर कुंडीतला मोगरा किंवा अडेनियम दहा वर्षे पार करते.

लंडनच्या क्यू उद्यानात सायकसच्या नात्यातले एक झाड आहे. दक्षिण आफ्रिकेतून आणलेले ते झाड 1775 मध्ये तिथे पोचले आणि आजही कुंडीतच आहे. जगातले सर्वांत जुने कुंडीतले झाड म्हणून त्याची ख्याती आहे. त्याला इतक्या वर्षांत एकदाच, 1819 मध्ये, शंकू आल्याची नोंद आहे. अर्थात त्याच्या दिमतीला एक अख्खे उद्यान आहे, आपल्या जिन्यापाशी तशी सोय नाही.

आणखी एक सूचना. रोपवाटिकेत डिसेंबरमध्ये फुलांनी लगडलेली जी बुटकी, भरगच्च रोपे दिसतात, त्यांतल्या बऱ्याच रोपांना वाढ रोखणारे औषध दिलेले असते आणि ती निव्वळ कोकोपीटमध्ये, रोजच्या द्रवरूप खतावर पोसलेली असतात. घरी आणल्यावर औषधाचा असर ओसरतो, खत थांबते आणि रोप उंच, विरळ होते किंवा मान टाकते. नाताळात मिळणारा लाल पानांचा पॉइनसेटिया हे त्याचे ठळक उदाहरण. मुळात ते कित्येक वर्षे जगणारे मोठे झुडूप आहे, पण लाल पाने पुन्हा यायला त्याला लांबलचक, अंधाऱ्या रात्री लागतात आणि जिन्यातला दिवा रात्रभर चालू असेल तर ते हिरवेच राहते. अशी रोपे शोभेच्या खर्चात धरावीत, बागेच्या खर्चात धरू नयेत.

दापोलीकर

माडांचा विषय निघाला आहे म्हणून थोडे आमच्याकडचे सांगतो.

माडाला शेंड्यावर एकच कोंब असतो. आंबा किंवा फणस शेंड्याला मार बसला तर बाजूने फुटतो, माड फुटत नाही. गेंड्या भुंग्याने किंवा सोंड्या भुंग्याने कोंब पोखरला, की साठ वर्षे जगू शकणारा माड एका वर्षात आडवा होतो. दुसरे असे, की माडाचे खोड एकदा तयार झाले की आंब्यासारखे रुंदीत वाढत नाही, त्यामुळे खोडावरची जखम भरून येत नाही. चढायला सोपे जावे म्हणून खोडात पायऱ्या खोदण्याची जी पद्धत आहे, त्या खाचा माडाला जन्मभर वागवाव्या लागतात आणि त्यांतून कीड शिरते. तुमच्या सोसायटीत नारळ काढायला येणाऱ्याला ही गोष्ट आधी बजावा. उंच जातीचा माड साठ ते ऐंशी वर्षे धरतो, ठेंगू जातीचा चाळीस-पन्नास. तुमच्या दोन माडांचे वय काढायचे असेल तर खोडावर गळलेल्या झापांच्या ज्या कड्या दिसतात त्या मोजा. चांगल्या वाढीचा माड वर्षाला साधारण बारा झापे टाकतो. कड्यांना बाराने भागा आणि खोड जमिनीवर दिसण्याआधीची चार-पाच वर्षे त्यात मिळवा, म्हणजे अंदाज बऱ्यापैकी जमतो.

माडांच्याच गोतावळ्यात भेरली माड सरांच्या एकदाच फुलणाऱ्या गटात बसतो. लग्नकार्यात दाराशी लावायला त्याची झापे नेतात, तो हा माड. दहा-पंधरा वर्षांचा झाला की त्याला शेंड्याकडून फुलोरा येऊ लागतो, मग दर खेपेला आधीच्यापेक्षा खालच्या पेरातून येतो, आणि सर्वांत खालची फळे पिकली की झाड संपते. शहरातल्या बागांत शोभेसाठी तो हल्ली बराच लावतात. वरून पहिला घोस लोंबू लागला म्हणजे त्याची उतरण सुरू झाली असे समजावे आणि त्याच्या जागी काय लावायचे ते ठरवायला घ्यावे. मध्ये काही वर्षे मिळतात, पण खत-पाणी कितीही घातले तरी तो थांबत नाही.

कलमांबद्दल बोलायचे तर लोक विचारतात, की कलम कमी जगते का. हापूसचे कलम नीट राखले तर पन्नास-साठ वर्षे चांगले उत्पन्न देते आणि कोयीपासून वाढलेला रायवळ शंभरी ओलांडतो, इतका फरक धरा. पण कलमाला वये दोन असतात. खालचा खुंट तुमच्या बागेत रुजला तेव्हापासूनचा. वरची काडी मात्र ज्या झाडावरून घेतली त्या झाडाचीच वाढ असते, ते झाडही कलमच असते, आणि असे मागे मागे जात राहिले तर पोर्तुगिजांच्या काळापर्यंत पोचता. हापूस कोयीपासून जसाच्या तसा येत नाही, त्यामुळे आज उभा असलेला प्रत्येक हापूस त्या जुन्या झाडाचीच फांदी आहे. कलम लवकर फळते त्याचेही कारण हेच, की काडी आधीच वयात आलेली असते. सोनचाफ्याचेही तसेच आहे. बियांपासून केलेला सोनचाफा फुलायला आठ-दहा वर्षे घेतो, कलम वर्ष-दोन वर्षांत फुलते. पुढे दोन्ही कित्येक दशके जगतात, फक्त बुंध्याशी पाणी साचता कामा नये.

वृंदावन_मिरज

सर, तुळशीबद्दल तुम्ही काही लिहिले नाही. आमच्या घरी सासूबाई सांगतात, की वृंदावनातली तुळस त्यांच्या लग्नाच्याही आधीची आहे. पुस्तकात मात्र दोन-तीन वर्षे लिहिलेले असते. खरे काय धरावे?

निवृत्त_शिक्षक_सांगली

दोन्ही खरे आहे. तुळशीचे एक रोप बहुधा दोन-तीन वर्षे जगते. बूड लाकडासारखे होते, पाने बारीक होत जातात आणि मंजिऱ्या झाडावरच वाळू दिल्या तर उतार लवकर सुरू होतो. मंजिऱ्या खुडल्या तर एखादे वर्ष वाढते. पण वृंदावनात मंजिऱ्यांचे बी पडून दर पावसाळ्यात नवी रोपे उगवतात, त्यांतले एक कोणीतरी राखते आणि जुने वाळले की ते त्याची जागा घेते. सासूबाई म्हणतात ती तुळस एका रोपाची नसून एका वंशाची आहे, आणि वृंदावनाच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे. समितीच्या यादीत तुळशीपुढे ‘दोन ते तीन वर्षे, रोप घरचेच’ असे लिहावे.

कोलकात्याजवळच्या शिवपूरच्या वनस्पती उद्यानातला प्रसिद्ध वड याच प्रश्नाचे मोठे रूप आहे. 1864 आणि 1867 च्या वादळांनी त्याला जखमा झाल्या, मूळ खोडात बुरशी शिरली आणि 1925 मध्ये ते खोड काढून टाकावे लागले. आज जो वड लोक पाहायला जातात तो हजारो पारंब्यांवर उभा आहे आणि मध्ये मूळ खोड नाही. त्याचे वय अडीचशे वर्षांच्या पुढे सांगतात, आणि कोणी त्यावर आक्षेप घेत नाही.

घरातला मनी प्लांट तर याच्याही पुढे गेला आहे. तो जवळजवळ कधीच फुलत नाही, कारण फुलोऱ्यासाठी लागणारे जिबरेलिन हे संप्रेरक तयार करणारा त्याचा एक जनुक नीट काम करत नाही. त्यामुळे बाटलीत लावलेला प्रत्येक मनी प्लांट दुसऱ्या मनी प्लांटचा तुकडा असतो आणि एकाचे तुकडे घराघरांत वाढत राहतात. तो मेला तर पाणी बदलले नाही किंवा ऊन मिळाले नाही, एवढेच कारण शोधावे.

बागसमिती_कोथरूड

या चर्चेतून यादीचा आराखडा बदलला आहे. आता प्रत्येक झाडापुढे आयुष्याच्या आकड्याऐवजी चार रकाने केले आहेत: लावल्याचे वर्ष, बी, काडी, कलम की कंद, जमीन की कुंडी, आणि गेले असल्यास कशाने गेले. मागच्या तीन वर्षांत गेलेल्या झाडांवर हे लावून पाहिले तेव्हा हंगामी रोपे आणि केळीची खोडे वगळल्यावर उरलेली बहुतेक झाडे जिन्यापाशच्या कुंड्यांतलीच निघाली. माळीकाकांनी ही यादी पाहून कुंड्यांसाठी नवी माती मागितली आहे आणि ती मंजूर होईल असे दिसते.

पपई आणि शेवगा यांच्याबद्दल कोणी लिहिले नाही, आणि फाटकाजवळच्या गुलमोहराचा प्रश्न राहिला. तो इमारत बांधण्याच्या आधीपासून आहे असे जुने सभासद सांगतात. गेल्या पावसाळ्यात त्याची एक जाड फांदी पडली, सुदैवाने कोणाला लागली नाही, पण आता तो म्हातारा झाला म्हणून तोडावा असा ठराव येऊ घातला आहे.

निफाडची_द्राक्षवेल

पपई दोन-तीन वर्षांवर धरू नका. त्यापुढे ती जगते, पण उंच वाढते, फळ लहान होते आणि विषाणूरोग आला की त्यावर औषध नाही. शेवगा अंगणात पंधरा-वीस वर्षे राहतो, मात्र लाकूड ठिसूळ असते, तेव्हा शेंगांचा बहर संपला की दर वर्षी उंची कमी करा.

वृक्षगणना_स्वयंसेवक

गुलमोहराबद्दल लिहितो. ठराव मांडण्याआधी समितीने त्याचे वय नीट ठरवून घ्यावे, कारण शहरी हद्दीत वयाला कायद्याने महत्त्व आहे. झाडांचे संरक्षण व जतन यासाठी महाराष्ट्रात 1975 चा कायदा आहे. 2021 मध्ये त्यात झालेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्ष मानले जाते आणि परवानगीने झाड तोडले तर त्याच्या वयाइतकी नवी झाडे भरपाई म्हणून लावावी लागतात. चाळीस वर्षांच्या गुलमोहरासाठी चाळीस रोपे लावायला आवारात जागा आहे का, हा प्रश्न सभेत आधीच विचारलेला बरा. खासगी आवारातले झाड असले तरी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागतेच, आणि मोठ्या फांद्यांच्या छाटणीलाही लागते.

वय बुंध्याच्या घेरावरून काढताना सावध राहा. गुलमोहर झपाट्याने वाढणारे, मऊ लाकडाचे झाड आहे, त्यामुळे तो दिसतो त्यापेक्षा वयाने लहान असतो. त्याच घेराचा चिंचेचा वृक्ष कितीतरी जुना निघेल. बांधकामाच्या वेळचे नकाशे, भोगवटा प्रमाणपत्राचे वर्ष आणि सभासदांकडची जुनी छायाचित्रे यांवरून अधिक खात्रीचा अंदाज मिळतो. शहरातला गुलमोहर साधारण चाळीस ते साठ वर्षे उभा राहतो. मोकळ्या मैदानात त्याची मुळे चहूबाजूंनी पसरतात, पण जमिनीलगतच राहतात. फाटकाजवळ एका बाजूला रस्ता आणि दुसऱ्या बाजूला पेव्हर ब्लॉक असतील तर मुळे एकाच दिशेला गेलेली असतात आणि मग झाड वयाने तरुण असले तरी वाऱ्यात उन्मळते.

तुमच्या झाडाची एक फांदी पडली यावरून ते म्हातारे झाले असे ठरत नाही. फांदी जिथून तुटली ती जागा पाहा. लाकूड आतपर्यंत निरोगी असेल तर भार जास्त झाला होता. आत भुसा, काळपट कूज किंवा वाळवीची माती दिसली तर आजार आहे. बुंध्याशी जमिनीलगत कठीण, अर्धगोल भूछत्रे आलेली असतील तर मुळे कुजू लागली आहेत, आणि वरून झाड हिरवेगार असले तरी ते धोक्याचे आहे. लाकडी हातोडीने बुंध्यावर ठिकठिकाणी ठोकून पाहिले तर पोकळ भागाचा आवाज वेगळा येतो. यांपैकी काही आढळले तर उद्यान विभागाकडून पाहणी करून घ्या.

काही आढळले नाही तर बुंध्याभोवतीचे पेव्हर ब्लॉक काढून सर्व बाजूंनी किमान एक मीटर माती मोकळी करा आणि छाटणीच्या परवानगीचा अर्ज फेब्रुवारी-मार्चमध्येच द्या. मे महिन्यात सगळ्या सोसायट्यांचे अर्ज एकदम येतात, परवानगी मिळेपर्यंत जून उजाडतो आणि मग घाईघाईने एकाच बाजूच्या फांद्या उतरवल्या जातात, ज्याने तोल आणखी बिघडतो.